उणे सोळा

पन्नाशीला टेकलेली बाई कॉम्प्युटर क्लासला जायला लागली की लोक कसे बघतात, ते मला विचारा. शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी विचारून घेतलं, "काय सुनंदाबाई, आता अमेरिकेला का?" मी म्हटलं, तुम्ही खुशाल चहा पीत माझी चेष्टा करा, मला शिकायचं ते मी शिकणार. देवगड सोडून सिल्वासाच्या मराठी शाळेत गणित शिकवायला आले, तेव्हाही लोक असंच बोलले होते. लोकांचं काय घेऊन बसायचं.

क्लास वापी रोडवर, एका वाइन शॉपच्या माडीवर. गुजरातेत दारूबंदी, म्हणून शनिवारी खाली तिकडच्या गाड्यांची रांग लागायची आणि आम्ही वर चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत शिरायचो. साल नव्याण्णव. जावा शिकलं की नोकरी नक्की, असा मोठा बोर्ड खाली लावलेला. शिकवायला तुषार सर, कल्याणचा मुलगा, माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांच्या वयाचा. दर रविवारी तो वापीला जाऊन पुढचा धडा शिकून यायचा आणि तोच आम्हाला सोमवारी शिकवायचा. मुलगा गुणी, पण त्या धड्यापलीकडचं काही विचारलं की मान खाजवायला लागायचा.

एका मशीनवर दोघं-दोघं. माझ्या शेजारी ममता. आठवीपासून माझ्या वर्गात होती, गणितात पहिली. तिचे वडील सुकदेव धुळ्याकडचे, जवळच्या सायली गावातल्या एका धाग्याच्या कंपनीत मशीनवर. आई सरूबाई तिथंच पॅकिंगला. दिवसभर उभं राहून संध्याकाळी तिचे पाय सुजायचे. बारावी झाल्यावर ममतालाही तिथंच चिकटवायचं ठरत होतं. मी त्यांच्या खोलीवर जाऊन भांडले. सुकदेव म्हणाला, "पन मॅडम, पोरीले दारूच्या दुकानावर पाठवू का?" मी म्हटलं, दुकानावर नाही, दुकानाच्या वर, आणि शेजारी मी बसणार आहे, बघू कोण काय बोलतंय ते. मग तो कंपनीतल्या साहेबांना विचारून आला. टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या खात्यात, कॉम्प्युटर येणार होता आणि तो चालवायला माणूस हवा होता. साहेब म्हणाले, पोरगी महिनाअखेर क्लासची परीक्षा पास होऊन आली तर ती खुर्ची तिची. नाही झाली, तर एक तारखेपासून आईबरोबर पॅकिंगला. इतकं ते सरळ होतं.

आता पहिल्या दिवसाचं सांगते, कारण सगळं तिथंच अडकलंय. तुषार सर म्हणाले, जावात प्रत्येक प्रोग्रामला नाव द्यावं लागतं, कुठलंही द्या. आम्ही काय दिलं असेल? श्री. अख्ख्या वर्गानं, न ठरवता. कोऱ्या पानावर आधी श्री लिहायचा हे हाताला लागलेलं वळण, ते कीबोर्डावर आल्यावर सुटतंय होय? गुजराती पोरांनीही तेच लिहिलं होतं. तुषार सर हसले, म्हणाले, राहू दे, चांगलंच आहे. तर सगळ्यांचे पहिले प्रोग्राम श्री, आणि सगळ्यांचं काम एकच: पडद्यावर नमस्कार आणि आपलं नाव छापायचं. माझं नाव त्या काळ्या पडद्यावर आलं तेव्हा, खरं सांगते, मला भरून आलं होतं.

पुढं परीक्षेसाठी जो तो आपापला प्रोग्राम करायला लागला. कोणी हॉस्पिटल केलं, कोणी वाचनालय. मी शाळेच्या निकालाचा केला आणि त्याला निकाल हेच नाव दिलं. ममतानं मात्र नवं काही उघडलं नाही. त्याच श्रीमध्ये ती पुढं लिहीत गेली. मी विचारलं तर म्हणाली, "बाई, चांगल्या नावानं सुरुवात झालीय, आता कशाला मोडू?" मलाही ते पटलं. तिचा प्रोग्राम कामगारांच्या तासांचा होता. कामावर यायची वेळ घालायची, सुटायची वेळ घालायची, की प्रोग्रामनं वजाबाकी करून किती तास भरले ते सांगायचं. सकाळी सातला आला, तीनला सुटला, तास आठ. झ्याक चालायचं. तिनं यादीत शेवटी आपल्या वडिलांचं नाव घातलं होतं.

एके दिवशी सुकदेव तिला न्यायला आला. रात्रपाळी करून झोपून उठलेला, डोळे तांबडे. चपला काढून दारातच उभा राहिला. ममता म्हणाली, "आबा, या ना, तुमचं नाव बघा." त्याची पाळी रात्री अकरा ते सकाळी सात. तिनं यायचे तेवीस घातले, जायचे सात घातले आणि बटण दाबलं. सुकदेवच्या नावापुढं आलं, उणे सोळा.

सुकदेवला इंग्रजी अक्षरं कळत नव्हती, पण आकडे कळायचे, आणि आडवी रेघही. "मी रातभर काम करस," तो म्हणाला, "आनि हाई डबडं काय सांगस? मी काय कंपनीचे तास खाल्ले का?" वर्गातली पोरं हसली. ममताचा चेहरा एवढासा झाला. पण लगेच सावरून म्हणाली, "आबा, हे चुकलंय, मी दुरुस्त करते. इथं आठ आलं की मी पास, असं समजा." सुकदेव तेवढंच धरून गेला. आठ आलं की पोरगी पास.

चूक काय ते तिला तिथल्या तिथं कळलं होतं. मध्यरात्र ओलांडली की घड्याळाचे आकडे परत शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे सातातून तेवीस वजा होत होते. सुटायचा आकडा यायच्या आकड्यापेक्षा लहान असेल, तर त्यात आधी चोवीस मिळवायचे आणि मग वजाबाकी करायची. सात अधिक चोवीस एकतीस, त्यातून तेवीस गेले, उरले आठ. रस्त्यानं चालता चालता तिनं मला हे सांगितलं आणि मी मनात म्हटलं, या पोरीला पॅकिंगला उभी करतील तर मी नावाची सुनंदा नाही.

नेमका त्याच आठवड्यात कुठल्याशा फ्लॉपीतून मशीनांमध्ये व्हायरस घुसला. क्लासच्या मालकानं फर्मान काढलं, यापुढं मशीनमध्ये काही लिहायचं नाही, जो तो आपल्या फ्लॉपीवर. तुषार सरांनी सगळ्यांची कामं फ्लॉप्यांवर उतरवून दिली. ममतानं आपल्या फ्लॉपीवर ती दुरुस्ती केली. मशीनला वाचायला दिली, मशीननं काही कुरकुर केली नाही. चालवला प्रोग्राम. उणे सोळा.

"काहीतरी राहिलं असेल," मी म्हटलं. आम्ही दोघींनी ओळ न ओळ वाचली. मला त्यातलं सगळं कळत होतं अशातला भाग नाही, पण गणित मला कळतं. मी बोट ठेवून मोठ्यानं वाचायची आणि ममता कागदावर आकडे मांडायची. कागदावर आठ, पडद्यावर उणे सोळा. पुन्हा वाचलं. पुन्हा कागदावर आठ. मी तुषार सरांना हाक मारली. ते मागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लॉजिक चुकलंय."

"कुठं चुकलंय?"

"ते शोधायचं मॅडम. उत्तर चुकतंय म्हणजे लॉजिक चुकलंय."

मेल्या, हे तर मलाही माहीत आहे, असं तोंडावर आलं होतं. पण तो सर होता आणि मी विद्यार्थिनी, गिळलं. एवढंच म्हटलं, "अहो, पण बदल केला तरी आकडा तसूभर हलत नाही, हे कसं?" तो म्हणाला, मूळ चूक निघाली नाही तर आकडा कसा हलेल? बोलणं बिनतोड वाटलं. माझा निकालाचा प्रोग्राम तर मी बदलीन तसा बदलत होता, त्यामुळे मशीनवर संशय घ्यायलाही जागा नव्हती.

मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. ममतानं चोवीस काढून बारा घातले. उणे सोळा. दोन आकड्यांची अदलाबदल केली. उणे सोळा. यायची वेळच वेगळी धरली. उणे सोळा. मी तिला सांगत होते, "अगं, पहिल्यांदा केलंस तेच बरोबर आहे, ते परत घाल आणि त्याला हात लावू नकोस. पायऱ्या बरोबर असल्या की उत्तर येतंच." हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा बोलले होते की पोरं पाठीमागं माझी नक्कल करायची.

ममता पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मग हे काय आहे, बाई?"

काय सांगणार? फळ्यावरचं गणित असतं तर खडू घेऊन दाखवलं असतं. इथं समोर एक डबा होता, आणि तो तोंड वर करून सांगत होता की पोरगी चुकली. मी सांगत होते की नाही चुकली. पोरीनं कोणाचं ऐकायचं? मला रात्री अंथरुणात वाटायचं, खरंच आपल्यालाच कळत नसेल. पन्नाशीतल्या बाईनं कशाला पडावं यात. पण सकाळी उठून कागदावर मांडलं की परत आठच यायचे, आणि मला इतका राग यायचा की कोणावर काढू कळत नसे. शाळेतल्या पोरांनी त्या दिवसांत उगाचच बोलणी खाल्ली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी फ्लॉप्या जमा करायच्या होत्या. एका पाकिटात घालून वर सही करायची आणि द्यायची. मग त्यात बदल नाही. ममता रडकुंडीला आली होती. तुषार सरांनाही तिची दया येत होती. ते म्हणाले, "असं कर, निदान उणे तरी घालव. उत्तर शून्यापेक्षा कमी आलं तर त्याला उणे एकनं गुण, चिन्ह जाईल." ममतानं तसं केलं. चालवला. चिन्हसुद्धा गेलं नाही. उणे सोळा जसेच्या तसे. तोवर पाकिटं गोळा करायला मालक आला. त्यानं हात पुढं केला, ममतानं फ्लॉपी दिली. खाली उतरताना ती म्हणाली, "बाई, मला काहीच येत नाही का हो?" मी तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून परीक्षक आले. भला माणूस, उगाच खोटं कशाला बोलू. कुणी वशिला लावू नये म्हणून चिठ्ठ्या टाकून मशीनं वाटली. ममताला खिडकीजवळचं मशीन आलं. मी माझ्या जागेवर, पण कान तिकडे. परीक्षकांनी तिच्या पाकिटाची सही बघितली, फ्लॉपी घातली, म्हणाले, "चालव." तिनं चालवला.

उणे सोळा आले नाहीत. तास आले नाहीत, नावांची यादी आली नाही. पडद्यावर एकच ओळ आली: नमस्कार, माझं नाव संजू.

संजू आमच्याच वर्गातला, कोपऱ्यात बसलेला, त्याच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षकांनी चष्मा काढला. "बाळ, फ्लॉपी दुसऱ्याची उतरवलीस ते उतरवलीस, निदान नाव तरी बदलायचं." ममता नुसती बघत राहिली. आणि मी उठले. परीक्षेत मध्येच उठू नये हे मी जन्मभर पोरांना सांगत आलेली बाई, पण उठले. म्हटलं, "साहेब, ही मुलगी आठवीपासून माझ्या हाताखाली आहे. हिनं कोणाचं उतरवलं असेल तर माझं नाव बदला. तुम्ही फ्लॉपी उघडून आत काय आहे ते वाचा."

त्यांनी वाचलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. फ्लॉपीत संजूचं नावच नव्हतं. तिथं कामगार होते, वेळा होत्या, सुकदेव होता. परीक्षक खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी मशीनच्या पोटातल्या फायली उघडून बघायला सुरुवात केली. थोड्या वेळानं म्हणाले, "या मशीनमध्ये आधीचा एक श्री पडलाय. चालव म्हटलं की मशीन आधी आपल्या पोटात बघतं, तिथं त्या नावाचं सापडलं की तेच चालवतं. फ्लॉपीकडे ते ढुंकूनही बघत नाही."

तुषार सर पांढरेफटक पडले. मला हळूहळू उलगडलं. खिडकीजवळच्या मशीनवर पहिल्या दिवशी संजू बसला होता. आणि आमच्या मशीनच्या पोटात ममताचाच जुना श्री होता, दुरुस्तीच्या आधीचा, सुकदेव आला होता त्या दिवशीचा. तिनं फ्लॉपीवर काहीही बदललं तरी मशीन तोच जुना काढून दाखवत होतं. माझ्या प्रोग्रामचं नाव निकाल, त्या नावाचं पोटात काही नव्हतं, म्हणून माझा नीट चालला. श्री लिहिणारे बाकीचे सगळे पुढं गेले होते. एकटी हीच त्या नावाला धरून राहिली होती.

"मुलीची यात काही चूक नाही," परीक्षक म्हणाले. त्यांनी तो जुना श्री पुसून टाकला. "हं, आता चालव. आता तुझाच येईल."

मला वाटलं, सुटलो. मी ममताकडे बघितलं. ती हात मांडीवर ठेवून बसली होती, बटणाकडे नेत नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की फ्लॉपीत आता काय आहे. चोवीस मिळवणारी ओळ तिनं केव्हाच काढून टाकली होती.

परीक्षकांनी स्वतःच बटण दाबलं. पहिल्या पाळीचे आठ, दुसऱ्या पाळीचे आठ. आणि सुकदेवपुढं सोळा. चिन्ह गेलं होतं.

"सोळा तासांची पाळी?" परीक्षक म्हणाले. "कुठल्या कंपनीत?" कोणीतरी मागं हसलं.

"सर, मी आधी बरोबर केलं होतं," ममता म्हणाली. आवाज इतका बारीक की मला जेमतेम ऐकू आला. "उत्तर दिसत नव्हतं म्हणून मी बदलत गेले. एकदा जरी उण्याशिवाय सोळा दिसले असते तर मला कळलं असतं."

"असेल बाळ. पण मला फ्लॉपीत आहे तेच तपासता येतं." त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. तुषार सर म्हणाले, सर, चूक आमच्या क्लासची आहे. मी म्हटलं, एक ओळ घालायची आहे, डोळ्यांची पापणी लवते न लवते तोवर घालेल ती. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि मान हलवली. पाकीट बंद झाल्यावर बदल नाही. उद्या दुसरा कोणी हेच म्हणेल. परीक्षा परत देता येईल, सहा महिन्यांनी. टाइम ऑफिसातली खुर्ची सहा महिने रिकामी राहणार नव्हती. मी भांडायला पुढं झाले आणि परत जागेवर येऊन बसले, कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही असंच केलं असतं.

वर्ग पांगला. परीक्षक वापीला गाडी पकडायला गेले, तुषार सर त्यांना सोडायला गेले. ममता त्याच मशीनपुढं बसून राहिली, फ्लॉपी अजून आतच होती. मी तिला चल म्हणणार होते, तेवढ्यात तिनं कीबोर्ड ओढला. न अडखळता चोवीस मिळवणारी ओळ परत घातली, उणे एकनं गुणायची ओळ काढली आणि चालवलं. सुकदेव, आठ. ती त्या आकड्याकडे बघत बसली. मीही बघत बसले. रडायला तरी यावं की नाही, तर तेही येईना.

मागं दारात चपला काढल्याचा आवाज आला. सुकदेव होता. धुतलेला शर्ट, केसांना तेल, पाळीवर जायच्या आधी मुद्दाम आलेला. आत आला, वाकून पडद्यावर आपलं नाव शोधलं, त्याच्या पुढचा आकडा बघितला, आणि इतक्या वर्षांत त्याला मी तसं हसताना बघितलं नव्हतं.

"आठ," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आठ आले ना मॅडम? मंग पास शे ना पोर?"

ममतानं माझ्याकडे बघितलं. पायऱ्या बरोबर असल्या की उत्तर येतंच, हे तिला मीच शिकवलं होतं. उत्तर तर आलं होतं.

"चला आबा," ती म्हणाली, "घरी सांगते." आणि तिनं मशीन बंद केलं.